शोधनिबंध उदंड; शोध कोठे आहे?

पालघर तालुक्याचा नकाशा समोर ठेवला, तर कोणत्याही विद्याशाखेच्या अभ्यासकाला मोह पडावा इतके प्रश्न एवढ्याशा भूभागात एकत्र आलेले दिसतात. तारापूरला १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. त्याच्या शेजारी, बोईसरच्या अंगाने, रसायने, औषधे, पोलाद आणि कापड यांच्या कारखान्यांची औद्योगिक वसाहत उभी राहिली. पश्चिमेला मच्छीमारांची गावे, पूर्वेला वारली, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे आणि मधून धावणारी पश्चिम रेल्वे, असे या प्रदेशाचे रूप आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा २०११ च्या जनगणनेनुसार त्याच्या सुमारे ३० लाख लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते. अर्थशास्त्र, धर्म, शिक्षण यांपैकी कोणताही विषय घ्यावा. प्रश्न दारातच उभा आहे.

परंतु दारातल्या प्रश्नाकडे पाहण्याची सवड उच्च शिक्षणाला आहे काय? महाविद्यालयीन अध्यापकांचे शोधनिबंध गेल्या पंधरा वर्षांत संख्येने अफाट वाढले. ‘बहुविद्याशाखीय’ म्हणविणाऱ्या एकाच जाडजूड अंकात वस्तू व सेवा कराचे परिणाम, संतसाहित्यातील मानवतावाद आणि नव्या शैक्षणिक धोरणापुढील आव्हाने शेजारी शेजारी नांदतात. विद्याशाखांचा हा संगम वरवर सुखावह वाटतो. तथापि एकाच वेष्टनात बांधलेले तीन निबंध म्हणजे तीन विद्याशाखांचा संवाद नव्हे. त्या तिघांचे लेखक एकमेकांचे निबंध वाचत नाहीत आणि ज्यांच्याविषयी ते लिहितात त्या माणसांपर्यंत तर त्यांतील एकही पोहोचत नाही.

हे असे का झाले, याचे उत्तर अध्यापकांच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीने बढती आणि नेमणूक यांची सांगड प्रकाशनांच्या गुणांशी घातली. गुणांना मागणी आली, की पुरवठा करणारे दुकान उघडते, हा बाजाराचा साधा नियम आहे. शुल्क भरा आणि आठ दिवसांत निबंध छापून घ्या, अशी सोय करणारी नियतकालिके निघाली. विद्यापीठांच्या शिफारशींवरून आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत शिरलेल्या १,००९ नियतकालिकांची पुणे विद्यापीठातील अभ्यासकांसह काही संशोधकांनी छाननी केली. तिचा निष्कर्ष २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके हलक्या दर्जाची असावीत, असे तीत आढळले. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली, २०१९ मध्ये ‘केअर’ नावाची नवी यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून नियतकालिकाची पारख करण्याचे काम संस्था व अध्यापक यांच्यावर सोपविले.

या शेवटच्या निर्णयाने जुना बाजार पुन्हा भरेल, ही भीती रास्त आहे. मात्र त्याची दुसरीही बाजू आहे. चांगले संशोधन कशाला म्हणायचे, हे ठरविण्याचा थोडासा अधिकार प्रथमच पालघर, बोईसर, डहाणू, जव्हार येथील महाविद्यालयांच्या हाती आला आहे. तो कसा वापरायचा, हा आता खरा प्रश्न आहे.

याचे एक उत्तर महाराष्ट्राच्या ज्ञानपरंपरेतच आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या एकाच खेड्याची जमीन, पिके आणि कर्ज यांची पाहणी करून १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली शेतधारणा १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती, हे त्यांना दाखविता आले. एका लहानशा गावाच्या या अभ्यासाला भारतीय ग्रामीण अर्थशास्त्रात पायाचे स्थान मिळाले. पण मान यांचे श्रेय मान्य करतानाच एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. १७७१ ची नोंद कोणीतरी करून ठेवली होती, म्हणूनच १९१५ ची तुलना शक्य झाली. आधीची नोंद नसेल, तर नंतरचा विद्वानही हतबल होतो.

बोईसर-तारापूरचे दुखणे नेमके येथे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात देशातील औद्योगिक क्षेत्रांमध्ये तारापूरचा प्रदूषण निर्देशांक ९३.६९, म्हणजे सर्वाधिक ठरला. मच्छीमारांच्या संघटनेला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागावी लागली. अशा वादात पहिला प्रश्न येतो तो पूर्वी मासळी किती मिळत होती आणि आता किती मिळते हा. मासळीच्या वर्षानुवर्षांच्या घटीचा हिशेब कोळणीच्या तोंडी असतो. न्यायासनासमोर मात्र कागद लागतो. अणुवीज केंद्राच्या ३ व ४ क्रमांकांच्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्या कुटुंबांच्या उत्पन्नाची, मुलांच्या शिक्षणाची आणि व्यवसायाची दर पाच वर्षांनी कोणी नोंद ठेवली असती, तर पुनर्वसन या शब्दाचा अर्थ आकड्यांत सांगता आला असता.

हीच वेळ आता पुन्हा आली आहे. डहाणू तालुक्यातील वाढवण येथील ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याची पायाभरणी झाली. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेचे एक स्थानक बोईसरला नियोजित आहे. या प्रकल्पांचे समर्थक आणि विरोधक या दोघांनाही उद्या आकड्यांची गरज भासेल. बंदरापूर्वीचे मच्छीमार कुटुंबाचे उत्पन्न, डायमेकिंगच्या घरगुती धंद्यातील रोजगार, चिकूच्या बागांतील मजुरी यांची नोंद आज झाली नाही, तर ती दहा वर्षांनी कोणत्याही अनुदानातून करता येणार नाही. गेलेला काळ मोजता येत नाही.

अर्थशास्त्राचे हे सूत्र धर्माच्या अभ्यासालाही लागू आहे. वारल्यांच्या लग्नात सवाष्णी भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवीची प्रतिष्ठा होते आणि विधीची गाणी धवलेरी ही स्त्री म्हणते. स्त्री पुरोहित असलेली ही परंपरा धर्मशास्त्राच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे. परंतु याच लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी वारली तरुण सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे ‘लग्नगडी’ म्हणून राबत असे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन यांच्या सरकारी अहवालाने या वेठीची दखल घेतली आणि १९४५ च्या वारल्यांच्या लढ्याने तिच्यावर घाव घातला. येथे धर्म कोठे संपतो आणि अर्थकारण कोठे सुरू होते? विद्याशाखांचा खरा संगम तो हा. एका लग्नाचा खर्च नीट समजून घ्यावयाचा, तर अर्थशास्त्र, धर्म आणि इतिहास या तिन्ही विभागांच्या अध्यापकांना एकाच ओटीवर बसावे लागेल.

पालघरच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, त्या सोनोपंत दांडेकरांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. याच तालुक्यातील माहीमचा हा विद्वान पुण्यात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आणि प्राचार्य झाला, ज्ञानदेव आणि प्लेटो यांचा त्याने तौलनिक अभ्यास केला. आणि तरीही तो वारीत चालला, कीर्तनाला उभा राहिला. ज्या समाजाचे साहित्य अभ्यासावयाचे, त्या समाजाला आपला अभ्यास समजेल अशा भाषेत परत द्यावयाचा, ही शिस्त कोणत्याही गुणतक्त्यात नव्हती.

शिक्षणाच्या क्षेत्रात तर आदर्श शोधण्यासाठी जिल्ह्याबाहेर जाण्याचेही कारण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, यातून अंगणवाडी आली. ते गुरे राखते, तर शाळा कुरणात भरवावी, यातून कुरणशाळा आली. शिंपले, बिया आणि पाने ही साधने झाली. निरीक्षण, प्रयोग, चूक, दुरुस्ती आणि नोंद, हे संशोधनाचे सारे टप्पे त्यात होते. १९७५ मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. या कामाला शोधनिबंधाचे किती गुण मिळाले असते?

यावर आक्षेप येतील. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकाने पाड्यांवर केव्हा जावे? वर्षाचे वेतनच ज्याच्या हाती वेळेवर पडत नाही, त्याला निःस्वार्थ ज्ञानसाधनेचे पाठ देणे ही क्रूर थट्टा ठरेल. हा आक्षेप खरा आहे आणि रिक्त पदे भरल्यावाचून त्याला उत्तर नाही. स्थानिक प्रश्नात गुंतल्याने दृष्टी संकुचित होते, हा दुसरा आक्षेप मात्र पिंपळे सौदागरपुढे टिकत नाही. विषय लहान असल्याने संशोधन लहान होत नाही. उसन्या माहितीवर मोठे मथळे दिल्याने ते लहान होते.

करण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्यास फार पैसाही लागत नाही. प्रत्येक महाविद्यालयाने एक गाव, एक पाडा आणि एक कामगार वस्ती निवडून दर पाच वर्षांनी तीच प्रश्नावली घेऊन तेथे जावे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना या पाहणीत स्थान द्यावे. वारली किंवा मांगेली बोली घरात बोलणारा विद्यार्थी येथे गुरूपेक्षा अधिक जाणतो, हे मान्य करावे. निष्कर्षांचा दोन पानी मराठी सारांश ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि त्यात चूक निघाली तर ती दुरुस्त करावी. साऱ्या नोंदी ग्रंथालयात, कोणालाही पाहता येतील अशा ठेवाव्यात. अंतर्गत मूल्यमापन करताना शुल्क भरून छापलेल्या दहा निबंधांहून अशी एक पाहणी वजनदार मानावी.

असे झाले, तर २०३५ मध्ये कोणी वाढवणच्या कोळ्याला विचारील की बंदराने तुझे काय केले, तेव्हा उत्तरासाठी त्याला केवळ स्वतःच्या आठवणीवर विसंबावे लागणार नाही. जवळच्या महाविद्यालयाच्या कपाटात त्याच्या घरचा २०२५ नंतरचा हिशेब असेल. तो नसेल, तर त्या कपाटात बहुविद्याशाखीय अंकांचे गठ्ठे तेवढे असतील.