हिरवी टिक

शनिवारी सकाळी कडेगावला घरी पोचलो. पुण्याहून रात्रीची गाडी, कराडला उतरायचं, मग विट्याकडे जाणारी एसटी. घरात पाय टाकला आणि लाईट गेली. आई म्हणाली, "आलास ते लाईट घालवूनच." आता यात माझा काय दोष? असो.

लाईट नाही म्हटल्यावर अण्णांशी गप्पा सुरू झाल्या. अण्णा शाळेत क्लार्क होते, कागद जपण्यात सगळी नोकरी गेली. त्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला, "तू तिथं नेमकं करतोस काय रे?" या वेळी मी सोपं उत्तर तयार ठेवलं होतं. म्हटलं, "कंपन्यांच्या कॉम्प्युटरची रोज रात्री झेरॉक्स काढून ठेवतो. कॉम्प्युटर गेला, तर झेरॉक्सवरून परत उभा करायचा."

अण्णा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आणि ती झेरॉक्स वाचायला येती का, हे कधी बघता का?"

मंडळी, या एका वाक्यात आमच्या अख्ख्या धंद्याचं दुखणं आहे. म्हणून आजचा हा लेख. माझं मत आधीच सांगून टाकतो: आपण बॅकअप मोजतो, मोजायला हवं रिस्टोअर. आणि बॅकअप सॉफ्टवेअरमधले दोष आपल्याला बुडवत नाहीत. त्यावर आपण काढलेल्या आणि मग विसरून गेलेल्या पळवाटा बुडवतात.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हल्ली एका दणकट सर्व्हरवर वीस-पंचवीस 'आभासी' मशीन्स चालतात. अशी प्रत्येक मशीन म्हणजे शेवटी काही फायली. बॅकअपचं सॉफ्टवेअर रात्री त्या मशीनचा स्नॅपशॉट घेतं, म्हणजे त्या क्षणापुरती मूळ डिस्क गोठवतं आणि नवं लिखाण बाजूच्या फाइलीत जाऊ देतं. मूळ डिस्कची कॉपी झाली की बाजूचं लिखाण परत आत मिसळायचं. पहिल्या दिवशी सगळी डिस्क उचलायची, दुसऱ्या दिवसापासून फक्त बदललेले ब्लॉक. रेप्लिकेशन म्हणजे अशीच कॉपी दुसऱ्या ठिकाणी दर काही मिनिटांनी पाठवत राहायची, म्हणजे इकडचं पडलं की तिकडचं चालू. ऐकायला किती सोपं, नाही?

आता गंमत बघा. बदललेले ब्लॉक कोणते हे सांगण्याचं काम सर्व्हरकडे असतं. २०१४ मध्ये व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयमध्ये एक दोष जाहीर झाला. डिस्क वाढवताना ती १२८ जीबीच्या पुढे गेली की ही बदलांची यादी चुकू शकत होती. बॅकअपचं सॉफ्टवेअर बिचारं यादीबरहुकूम कॉपी करायचं, काम फत्ते म्हणून हिरवी टिक द्यायचं, आणि बॅकअप मात्र निरुपयोगी असायचा. उपाय काय? त्या मशीनचं बदल टिपणं एकदा बंद करून परत चालू करायचं आणि पुन्हा पूर्ण बॅकअप घ्यायचा. नंतर पॅच आले. २०१५ मध्ये ईएसएक्सआय ६.० मध्ये बदलांच्या यादीचाच आणखी एक घोळ निघाला, त्यालाही पॅच आला. मुद्दा असा की या दोन्ही वेळी हिरव्या टिकेकडे वर्षभर बघत बसलं असतं तरी काही कळलं नसतं. एकदा रिस्टोअर करून पाहिलं असतं तरच कळलं असतं.

हे झाले कंपनीचे दोष. आता माझा स्वतःचा सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका ग्राहकाची डेटाबेसची मशीन होती. मालाच्या गोदामांचा धंदा, चोवीस तास चलनं फाटत असायची. रोज रात्री बॅकअप संपला की, बाजूचं लिखाण आत मिसळताना, मशीन काही सेकंद गोठायची आणि गोदामातल्या लोकांचे स्क्रीन तुटायचे. हा अगदी ज्ञात प्रकार आहे, जास्त लिखाण करणाऱ्या मशीनला होतोच. ग्राहक वैतागला. मग मी एक पळवाट काढली. डेटाची डिस्क 'इंडिपेंडंट' केली, म्हणजे स्नॅपशॉट तिला हातच लावत नाही, आणि बॅकअपच्या जॉबमधून तिला वगळलं. तिच्यासाठी आतून एक स्क्रिप्ट लावली. ती रात्री डेटाबेसचा डंप काढून दुसऱ्या सर्व्हरवर टाकायची. गोठणं थांबलं. ग्राहक खूश, मॅनेजर खूश, मला शाबासकीचं ईमेलही आलं. ईमेलमध्ये 'तात्पुरती व्यवस्था' असा शब्द होता, तो मीच लिहिला होता.

आठ महिन्यांनी स्टोरेज गेलं. आम्ही निवांत होतो, बॅकअप होता ना! मशीन पाऊण तासात परत उभी राहिली. विंडोज आलं, लॉगिन झालं. डेटाची डिस्क नव्हतीच. डंप बघायला गेलो, तर शेवटचा डंप एकोणीस दिवसांपूर्वीचा. ज्या अकाउंटवर स्क्रिप्ट चालायची त्याचा पासवर्ड बदलला गेला होता. बदलणाऱ्याला स्क्रिप्टची कल्पना नव्हती, आणि मला बदलाची. रेप्लिकेशन होतं, पण तेही स्नॅपशॉटवरच चालणारं, त्यामुळे त्यातही ती डिस्क नव्हती. एकोणीस दिवस रोज सकाळी रिपोर्टमध्ये हिरवी टिक होती, आणि ती खोटीही नव्हती! आम्ही जेवढं सांगितलं तेवढ्याचा बॅकअप झाला होता.

मग गोदामातली पोरं चार दिवस कागदी चलनं बघून एकोणीस दिवसांच्या नोंदी पुन्हा भरत बसली. मी तिथे गेलो होतो. एकाने मला चहा दिला आणि विचारलं, "सर, हे कशानं झालं?" मी म्हणालो, "टेक्निकल प्रॉब्लेम." तो चहा अजून घशाखाली उतरत नाही.

कोणी म्हणेल, जुन्या कॉपीच्या भानगडीपेक्षा दोन-तीन ठिकाणी रेप्लिकेशन ठेवावं. त्यांना २०१७ सालची गोष्ट सांगतो. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला. मर्स्क ही बोटींची बलाढ्य कंपनी आडवी झाली आणि तिच्याच समूहाचं आपल्या न्हावा-शेवाच्या जेएनपीटीतलं टर्मिनलही बंद पडलं. कंपनीचे दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर होते आणि ते एकमेकांची कॉपी ठेवत होते. एक गेला तर बाकीचे आहेतच, असा हिशेब. सगळेच एकदम पुसले जातील याचा विचार त्या हिशेबात नव्हता. एकच वाचला, आफ्रिकेतल्या घानामधला. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथली लाईट गेली होती! कडेगावच्या माणसाला याहून मोठा दिलासा कुठला? रेप्लिकेशन आज्ञाधारक असतं. चांगलं पाठवलं तर चांगलं, चूक केली तर चूकही काही मिनिटांत तिकडे पोचवतं. ते मशीन पडल्यावर कामाचं, पण माणूस चुकल्यावर त्याचा उपयोग नाही. म्हणून एक तरी कॉपी अशी हवी की नेटवर्कवरून तिला कोणी हात लावू शकणार नाही. नशिबाने लाईट जाण्यावर विसंबू नये.

मग करायचं काय? पळवाटा काढूच नयेत असं मी म्हणत नाही. पॅच येईपर्यंत ग्राहकाला थांब म्हणता येत नाही. पण प्रत्येक पळवाटेला एक मालक हवा आणि एक शेवटची तारीख हवी. दुधाच्या पिशवीवर असते, तशी. तारीख आली की एक तर ती काढा, नाहीतर पुन्हा तपासून नवी तारीख घाला. आणि महिन्याला निदान एक मशीन वेगळ्या बंद नेटवर्कमध्ये रिस्टोअर करून बघा. ज्याने बॅकअप लावला त्याने नाही, दुसऱ्याने, लिहिलेल्या कागदावरून. नुसतं विंडोज येऊन भागत नाही, एखादं जुनं चलन उघडलं पाहिजे.

"एवढा वेळ कुणाकडे आहे? जादा स्टोरेजचे पैसे कोण देणार?" हे मॅनेजरचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. सगळं दर महिन्याला तपासणं परवडत नाही. पण एक मशीन परवडते. आमच्या त्या चार दिवसांचा खर्च मांडला, तर बरीच वर्षं परवडते.

आमच्या कडेगावचे मोहरमचे ताबूत तुम्ही कदाचित ऐकून असाल. बांबूचे, गगनाला भिडणारे, हिंदू-मुसलमान दोघांनी मिळून उचललेले. आधी कळस, मग पाया अशी उलटी बांधणी. लहानपणी मला वाटायचं, एवढं कष्टाचं काम दर वर्षी नव्याने कशाला? एकदा बांधून ठेवावं की! आता कळतं. ती बांधणी कुठल्या कपाटात जपून ठेवलेली नाही. दर वर्षी पुन्हा उभी केली जाते, म्हाताऱ्याच्या हाताखाली पोरगा शिकतो, म्हणून ती पिढ्यान् पिढ्या टिकली. मध्ये वीस वर्षं खंड पडला असता, तर जुना फोटो बघून कुणाला गाठ मारता आली असती?

दुपारी लाईट आली. मी लॅपटॉप उघडून ऑफिसच्या लॅबमध्ये एक मशीन रिस्टोअरला लावली. मशीन आली, एक सर्व्हिस काही केल्या चालू होईना. तासाभराने कारण सापडलं, ते कागदावर लिहिलं, खाली तारीख टाकली. अण्णांनी मागून विचारलं, "वाचायला आली का झेरॉक्स?"

म्हटलं, "एक पान पुसट होतं."

"मग बरं झालं की आज बघितलंस," म्हणाले, आणि पेपर वाचायला लागले.

सोमवारी ऑफिसला गेलात की तुम्हीही एक पान उघडून बघा.