अँड्र्यू सॅक्स आणि मॅन्युएल: हसू नेमके कोणावर?

१/११
टॉर्की या समुद्रकाठच्या गावातील एक हॉटेल. तेथील स्पॅनिश वेटरला इंग्रजी जेमतेम समजते. मालक बेसिल त्याला टपल्या मारतो आणि तो बार्सिलोनाचा आहे, एवढाच खुलासा पाहुण्यांना देतो. ‘फॉल्टी टॉवर्स’मधील हा मॅन्युएल म्हणजे परदेशी माणसाची टवाळी, असा आक्षेप घेतला जातो. ही भूमिका करणाऱ्या अँड्र्यू सॅक्स यांची कारकीर्द पाहता हा आक्षेप अर्धाच खरा आहे.

२/११
सॅक्स यांचा जन्म ७ एप्रिल १९३० रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील ज्यू होते आणि विम्याच्या व्यवसायात होते. आई ज्यू नव्हती. हिटलर सत्तेवर आला तेव्हा मुलगा तीन वर्षांचाही नव्हता. पुढची पाच वर्षे त्या घराभोवतीचा फास आवळत गेला.

३/११
१९३८ साली कुटुंब एका उपाहारगृहात असताना वडिलांना अटक झाली. पोलीस खात्यातील ओळखीमुळे ते सुटले आणि कुटुंबाने लंडन गाठले. जर्मन ही मातृभाषा असलेल्या आठ वर्षांच्या मुलाला परक्या भाषेत नव्याने उभे राहावे लागले. जे मागे राहिले, त्यांतील असंख्यांच्या वाट्याला काय आले, हे सर्वज्ञात आहे.

४/११
रंगभूमीवर ते घडले ते फार्समध्ये. ब्रायन रिक्स यांच्या मंडळीबरोबर लंडनच्या व्हाइटहॉल नाट्यगृहात त्यांनी काम केले. पडणे, दचकणे, दारामागे लपणे आणि हे सारे क्षणाचाही ताल न चुकवता करणे, ही फार्सची शिस्त. १९७३ मध्ये अ‍ॅलन बेनेट यांच्या ‘हेबियस कॉर्पस’ या नाटकात जॉन क्लीझ यांनी त्यांना पाहिले आणि मॅन्युएलला त्याचा नट मिळाला.

५/११
क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी लिहिलेल्या या मालिकेचे १९७५ मध्ये सहा आणि १९७९ मध्ये सहा, असे केवळ बारा भाग बीबीसीने दाखवले. स्पॅनिश ढब जमेल की नाही, याची सॅक्स यांना शंका होती. वेटर जर्मन करता येईल का, असे त्यांनी सुचवले होते. म्हणूनच मॅन्युएलमध्ये त्यांचे आत्मचरित्र शोधणे व्यर्थ आहे. शोधायचे ते लेखनात आणि अभिनयात.

६/११
पहिलाच भाग पाहावा. आपल्याला अभिजात स्पॅनिश येते, अशी बेसिलची फुशारकी आहे. ती मॅन्युएलला कळत नाही, तेव्हा दोष मॅन्युएलच्या बोलीला दिला जातो. म्हणजे भाषा दोघांनाही येत नाही. परंतु मार एकच खातो, कारण दुसरा मालक आहे. स्वस्तात मिळतो म्हणून त्याला ठेवले आहे, हेही मालिका लपवत नाही. विनोदाचे लक्ष्य येथे स्पष्ट होते.

७/११
२४ ऑक्टोबर १९७५ रोजी प्रसारित झालेला ‘द जर्मन्स’ हा भाग याचे टोक. युद्धाचा विषय काढायचा नाही असे ठरवून बेसिल जर्मन पाहुण्यांसमोर तोच विषय पुनःपुन्हा काढतो. एका पाहुणीला रडू कोसळते. हसे होते ते जुन्या विजयात अडकलेल्या इंग्रजाचे. त्या चमूत नाझी राजवटीची झळ बालपणी सोसलेला नट होता. याच भागातील आगीच्या प्रसंगात कपड्यांवर वापरलेल्या रसायनाने त्यांचा हात भाजला.

८/११
तरीही आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग टाळता येत नाही. संहिता मॅन्युएलच्या बाजूने असली, तरी प्रेक्षकाचे हसू संहितेच्या ताब्यात राहत नाही. स्पेनमध्ये मालिका दाखवताना मॅन्युएलला इटालियन करण्यात आले आणि कॅटलान आवृत्तीत मेक्सिकन. आपल्या माणसावरचा हा विनोद आपल्या घरात नको, ही भावना समजण्यासारखी आहे.

९/११
सॅक्स यांची झेप मात्र मॅन्युएलपुरती नव्हती. १९७८ मध्ये बीबीसी रेडिओ ३ वर त्यांचे ‘द रिव्हेंज’ प्रसारित झाले. या नभोनाट्यात एकही संवाद नाही; केवळ श्वास, पावले, पाणी आणि दारे यांचे आवाज. मोडक्या इंग्रजीमुळे घराघरांत पोहोचलेल्या नटाने शब्दांवाचून कथा सांगून दाखवली. मॅन्युएलच्या प्रसिद्धीखाली हे काम झाकले गेले, हा अन्यायच.

१०/११
२००८ मध्ये बीबीसीच्या एका रेडिओ कार्यक्रमाच्या निवेदकांनी त्यांच्या दूरध्वनी यंत्रावर अश्लील निरोप ठेवले आणि ते प्रसारितही झाले. प्रसारण नियामक ऑफकॉमने बीबीसीला १,५०,००० पौंडांचा दंड केला. ‘फॉल्टी टॉवर्स’मध्ये मारणारा हास्यास्पद ठरतो, येथे विनोदाची सगळी किंमत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका माणसाने मोजली. दोन्हींना ‘विनोद’ हा एकच शब्द लावणे चुकीचे आहे.

११/११
२३ नोव्हेंबर २०१६ रोजी सॅक्स यांचे निधन झाले. शेवटची काही वर्षे त्यांना स्मृतिभ्रंशाने गाठले होते. मॅन्युएलला बाद करण्यापूर्वी ते बारा भाग पुन्हा पाहावेत. मॅन्युएल बोलू लागला की नजर बेसिलवर ठेवावी: दुसऱ्याचे उच्चार सुधारण्याच्या भरात त्याला समोरचा माणूस दिसेनासा होतो, आणि सॅक्स यांचा चेहरा तेवढ्या वेळात प्रेक्षकाला आपल्या बाजूला ओढून घेतो.