तबकडीतील आकडे आणि खिशातील पैसे

आज बहुतेक गाणी मोबाइलवर ऐकली जातात. तरीही अनेक मराठी घरांतील कपाटांत अभंगांच्या, नाट्यगीतांच्या आणि शास्त्रीय गायनाच्या सीडी जपून ठेवलेल्या आढळतात. त्या पुन्हा नीट ऐकाव्यात अशी हौस कोणाला तरी होते आणि घरात प्रश्न निघतो : प्लेअर कोणता घ्यावा? चौकशी केली, तर काही हजारांपासून काही लाखांपर्यंत किमती ऐकू येतात. महागड्या यंत्राने आवाज उघडतो, तानेतला दाणा न् दाणा सुटा होतो, असे सांगितले जाते. यात तथ्य किती? माझे मत आधीच सांगून टाकतो : तबकडी वाचणाऱ्या यंत्रावर फार पैसा घालू नये. मात्र शिक्षक म्हणतात म्हणून हे मान्य करू नका. कारणे तपासा.

आमच्या मोशीत ‘मायक्रॉन’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या या गावाच्या एका बाजूला भोसरीचे कारखाने, तर दुसऱ्या बाजूला चाकणचे. लेथवर किंवा सीएनसी यंत्रावर काम करणारा माणूस इथे शेजारीपाजारी सहज भेटतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सीडीवर आतून बाहेर जाणारी एक सर्पिलाकृती वाट असते. तिच्या शेजारशेजारच्या दोन वेढ्यांतील अंतर अवघे १.६ मायक्रॉन असते. या वाटेवर सुमारे अर्धा मायक्रॉन रुंदीचे खळगे असतात. ७४ मिनिटांच्या सीडीवरची वाट उलगडून सरळ केली, तर ती पाच किलोमीटरांहून लांब भरेल! तबकडी आतल्या कडेला मिनिटाला सुमारे ५०० आणि बाहेरच्या कडेला सुमारे २०० फेरे घेते. फिरताना ती किंचित वरखालीही होते. तरी लेसर किरणाचा झोत त्या वाटेवरून ढळत नाही. सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी मिळून ही पद्धत ठरवली आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात पहिला प्लेअर विक्रीला आला.

इतके अचूक काम पाहून कोणालाही वाटेल, की यंत्र जितके भारी, तितका आवाज गोड. जुन्या ग्रामोफोनच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरे होते. तिथे तबकडीवरची नागमोडी खाच हीच आवाजाची प्रतिकृती असते. त्यामुळे सुई थरथरली किंवा तबकडीचा वेग बदलला, की ते थेट गाण्यात उतरते. सीडीवर मात्र आवाज नसतो, आवाजाची मापे असतात. डाव्या आणि उजव्या आवाजाचे प्रत्येकी सेकंदाला ४४,१०० वेळा माप घेतलेले असते. प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीचा आकडा असतो आणि तो शून्य व एक या दोनच चिन्हांत लिहिलेला असतो. वाचणाऱ्याने फक्त शून्य की एक, एवढेच ओळखायचे. गुणपत्रिकेवरचे ७८ गुण सोन्याच्या काड्यांचा चष्मा लावून वाचले, म्हणून ७९ होत नाहीत!

वाचताना चूक झाली तर? तिचीही सोय आहे. १९६० मध्ये रीड आणि सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी चुका शोधून दुरुस्त करण्याची एक रीत मांडली. सीडीवर तिचा उपयोग केलेला असतो. मूळ आकड्यांबरोबर पडताळ्याचे आकडे असतात आणि सारे आकडे विखरून लिहिलेले असतात. त्यामुळे वाटेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा ओरखडा आला, तरी मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. नुकसान त्याहून मोठे असले, तर यंत्र शेजारच्या आकड्यांवरून अंदाज बांधते. तेही जमले नाही, तर आवाज तुटतो किंवा गाणे पुढे उडी मारते.

हौशी मंडळी पुष्कळदा दोन पेट्या घेतात. एक ट्रान्सपोर्ट, म्हणजे फक्त तबकडी वाचून आकडे पुढे पाठवणारी. दुसरी परिवर्तक, म्हणजे आकड्यांपासून विद्युत संदेश बनवणारी. महाग ट्रान्सपोर्टच्या बाजूने एक चांगला मुद्दा मांडला जातो. आकडे बरोबर असून भागत नाही, ते समान अंतराने बाहेर पडले पाहिजेत, नाहीतर आवाजात विकृती येते. मुद्दा खरा आहे. परंतु आजचे चांगले परिवर्तक आलेले आकडे क्षणभर साठवतात आणि स्वतःच्या घड्याळाच्या ठोक्यावर बाहेर सोडतात. नळाला पाणी कमीजास्त दाबाने आले, तरी गच्चीवरच्या टाकीतून घरात येणारी धार एकसारखी राहते, तसेच हे.

मग फरक ऐकू येतो असे जे म्हणतात, ते खोटे बोलतात का? मुळीच नाही. पण कानाबरोबर डोळे आणि किंमतही ऐकत असतात. शिवाय किंचित मोठा आवाज आपल्याला अधिक चांगला वाटतो. यासाठी एक प्रयोग करा. दोन्ही यंत्रांवर एकच स्थिर सूर लावून मल्टिमीटरने स्पीकरच्या तारांवरील व्होल्टेज सारखे करून घ्या. मग मित्राने पडद्याआड नाणे उडवून यंत्र निवडावे आणि तुम्ही ते ओळखावे. असे दहा वेळा करा. नुसत्या अंदाजाने ९ किंवा १० उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४ पैकी ११, म्हणजे शेकडा एकाच्या जवळपास असते. तेवढी उत्तरे बरोबर आली, तर महाग यंत्र खुशाल घ्या.

ती आली नाहीत, तर पैसे स्पीकरकडे वळवा. खरी विकृती तिथे होते, कारण कागदाचा पडदा हलवून हवा ढकलण्याचे अवघड काम तोच करतो. खोलीचाही विचार करा. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती आवाज घुमवतात. एक जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांचे कपाट यांनी पडणारा फरक पडद्याआडच्या परीक्षेतही ओळखू येईल.

प्लेअर घेताना मात्र काही गोष्टी जरूर पाहा. तो ओरखडे पडलेली तबकडी वाचतो का? आकडे बाहेर नेण्याची सोय आहे का? ही सोय अनेक जुन्या डीव्हीडी प्लेअरमध्येही असते, तेव्हा कपाटातला डबा आधी बाहेर काढा. त्याचा लेसरचा भाग सुटा मिळतो का, याची पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी करा. पुष्कळदा सैल झालेल्या एका रबरी पट्ट्यामुळे खण उघडत नाही आणि सबंध यंत्र भंगारात जाते. टाकलेल्या वस्तूंचे पुढे काय होते, हे कचरा डेपोच्या शेजारी राहणाऱ्या मोशीकरांना सांगायला नको.

भोसरीच्या कारखान्यात माल कितीही चकचकीत असला, तरी गेज लावल्याशिवाय तो पास होत नाही. घरच्या खरेदीलाही हाच नियम लावा.