तरण्या घोड्याची पाठ आणि खोगीरभरती

पोळ्याच्या आदल्या दिवशी वऱ्हाडात बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकण्याचा प्रघात आहे. वर्षभर जुवाखाली घासलेल्या खांद्याकडे त्या निमित्ताने तरी धन्याची दृष्टी जाते. घोड्याच्या पाठीच्या वाट्यास असा एकही दिवस आलेला नाही. मोटारी आल्यापासून घोडा गरजेचा राहिला नाही, हौसेचा झाला. परंतु हौस मोठी आहे. दत्तजयंतीस तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत तीन वर्षांचे जनावर घ्यावे, त्यासोबतच एक जीन घ्यावे, आणि तेच जीन वर्षानुवर्षे कसावे, हा क्रम आम्ही पाहत आलो आहो. पुढे तेच घोडे जीन दिसताच कान पाडते, तंग आवळताना चावावयास धावते. मग ते खोडकर ठरते, चाबूक खाते व पडत्या किमतीस विकले जाते. आमचे स्पष्ट मत असे की, चाबूक उचलण्यापूर्वी धन्याने जीन उतरवून पाठ पाहावी.

तीन वर्षांचे घोडे पूर्ण वाढलेले नसते. त्याच्या कण्याची हाडे पक्की होण्यास पाच-सहा वर्षे लागतात. मधल्या काळात छाती रुंदावते, कण्याच्या दोन्ही बाजूंस मांस भरते. कधी पुठ्ठा खांद्याहून उंच होतो आणि जीन पुढे सरकून खांद्याच्या फऱ्यावर चढते. तिसऱ्या वर्षी नीट बसलेले जीन चौथ्या वर्षी काचते, यात नवल नाही.

यावर गावोगाव होणारा उपाय म्हणजे आणखी एक घोंगडी दुमडून खाली घालणे! निरर्थक भरीस आपल्या भाषेने ‘खोगीरभरती’ हे नाव देऊन ठेवले आहे, ते येथे अक्षरशः लागू पडते. तोकड्या जोड्यात जाड मोजा घातल्याने पाय सुखावत नाही. सांगाडाच अरुंद असेल तर तो बदलावा लागतो. जीन किंचित सैल असेल तेथे मात्र पातळ नमदा काही महिने कामास येतो, एवढाच अपवाद.

परीक्षा सोपी आहे. घोडे सपाट जागी उभे करावे व घोंगडीवाचून जीन फऱ्याच्या मागे ठेवावे. स्वार बसल्यावरही खांद्यांमधील उंचवट्यावर दोन-तीन बोटे जागा राहिली पाहिजे. कण्यावर पुढून मागेपर्यंत तीन-चार बोटे रुंदीची मोकळी वाट हवी, आणि जिनाचा भार शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. तासभर फेरी झाल्यावर घाम वाचावा. ओल्या पाठीत कोरडा डाग दिसला, तर तेथे एक तर दाब फार आहे किंवा जीन टेकतच नाही. बोटाने दाबताच घोडे अंग चोरते, तेथे दाब समजावा. काळ्या-तांबड्या पाठीवरील पांढरे केस बहुधा जुन्या जखमेची खूण असतात. यात्रेत दातांइतकेच तेही पाहावेत.

शिशाची मऊ तार फऱ्याच्या मागे पाठीवर दाबून तिचा आकार कागदावर काढावा व तारीख घालावी. दर तीन महिन्यांनी असा कागद काढला म्हणजे पाठ किती बदलली याविषयी वाद उरत नाही.

पाठ लागली असेल तर ती पूर्ण भरून येईपर्यंत स्वारी बंद. घोडे हाताने फिरवावे. उंचवट्यावर सूज येऊन पू वाहू लागला, तर डाग देण्याच्या भरीस पडू नये. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था असता हा अघोरी उपाय का व्हावा?

जीनगर हे नाव ज्या कसबावरून पडले ते कसब आता सहज हाताशी सापडत नाही, आणि प्रत्येकाने दरवर्षी नवे जीन घ्यावे हे आम्ही सुचविणार नाही. मंडळाने निरनिराळ्या रुंदीची तीन जिने येथे जुन्या शहरात ठेवून ती सभासदांस माफक भाड्याने द्यावीत. येत्या सभेत हा विषय आम्ही मांडणार आहो. ज्यांच्या दावणीस तरणे घोडे आहे त्यांनी पाठीचा कागद सोबत आणावा.