बँडविड्थ वाढवा, पण कुठून?

दरवर्षी गॅदरिंग संपलं की हॉस्टेलवर एक अर्ज फिरतो : ‘नेट स्लो आहे, बँडविड्थ वाढवा.’ दोन वर्षं मीही डोळे मिटून सही केली. यंदा नाही केली, आणि आमच्या विंगने मला दोन दिवस वाळीत टाकलं (मेसमध्ये ताट मात्र शेजारीच होतं!). तर मित्रहो, माझी बाजूही ऐका.

एका रात्री सहज ट्रेसरूट मारून बघितला. समोरचा सर्व्हर मुंबईत, पण पॅकेट सिंगापूरला जाऊन परत मुंबईत आलं! फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद फुकट, आणि समुद्रातली केबल काही सरळ रेषेत जात नाही. अशा वेळी पाइप दुप्पट केला तरी चक्कर तीच!

हे दुखणं जुनंच आहे. देशातलं ट्रॅफिक देशातच वळावं म्हणून २००३ मध्ये नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, स्थापन झालं. वेगवेगळ्या नेटवर्कनी एका जागी येऊन थेट देवाणघेवाण करायची, एवढीच कल्पना. लंडनचं लिंक्स १९९४ चं, फ्रँकफर्टचं डीई-सीआयएक्स १९९५ चं. डीई-सीआयएक्सचं एक्स्चेंज आता मुंबईतही आहे.

‘पण आम्हाला परदेशी साइट्स पाहिजेत, त्याचं काय?’ असं माझ्या रूमीने विचारलं. उत्तर पुन्हा तिथेच आहे. एक्स्चेंज ज्या डेटा सेंटरमध्ये असतं, तिथेच परदेशी ट्रान्झिट विकणारेही असतात. थोडक्यात, मार्केट यार्ड! गल्लीतल्या दुकानात एकच भाव, यार्डात गाळ्याला गाळा लागून. आपली फायबर एकदा तिथवर पोचली की मोठ्या कंटेंटवाल्यांचं ट्रॅफिक एक्स्चेंजवरच उरकायचं आणि समुद्रापलीकडचं तेवढं विकत घ्यायचं. तेही दोघांकडून : एकाची वाट पश्चिमेला इजिप्तकडून, दुसऱ्याची पूर्वेला सिंगापूरकडून. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातलं नेट रखडलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात पुन्हा तेच झालं. एकाच वाटेवर बसलेल्याने अशा वेळी करायचं काय?

आमचे एक सर म्हणाले, “अरे, बीजीपी कोण सांभाळणार? तू पास होऊन जाशील!” मुद्दा बरोबर आहे. स्वतःचा एएस नंबर लागेल, तो आयआरआयएनएनकडून मिळतो, पण राउटरपाशी बसणारा माणस कुठून मिळत नाही, तो तयार करावा लागतो. शिवाय मुंबईपर्यंतच्या लाइनचं भाडं एकट्या कॉलेजला झेपणारं नाही. म्हणून माझं म्हणणं, आसपासच्या चार-पाच कॉलेजांनी मिळून एकच लाइन घ्यावी. फेस्टच्या तारखांवरून भांडतो आपण, पण परीक्षेची सेंटर्स वाटून घेतोच की!

आणि हे जमेपर्यंत? कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं आहेच. कोटेशन मागवताना एमबीपीएसच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आखा. मुंबईत तुम्ही कोणत्या एक्स्चेंजवर आहात आणि पोर्ट केवढा? परदेशी ट्रान्झिट कोणाकोणाकडून घेता, आणि कोणत्या बाजूने? हे दोन रकाने भरून आले की अर्ज माझ्या रूमवर आणा, सही करतो. पेनही माझंच.