पगाराला पौंडाने गुणण्याआधी

मंडळी, गावातला पोरगा कंपनीच्या बदलीवर बायकापोरांसह लंडनला निघाला की आपण चौकात फ्लेक्स लावतो अन् पगाराला पौंडाच्या भावाने गुणतो. खर्चाला कोण गुणणार? ब्रिटनचा नुसता आरोग्य अधिभार बघा. मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, अठराच्या आतल्या मुलाला ७७६. तोही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा, अर्ज करतानाच! दोघं नवरा-बायको, दोन मुलं, तीन वर्षं : १०,८६६ पौंड. म्हणजे बारा लाखांच्या वर, विमानात बसायच्या आधी. व्हिसाची फी वेगळीच. बायकोची इथली नोकरी सुटते, फ्लॅटचा हप्ता सुटत नाही. कोण काय भरणार, हे कंपनीकडून लेखी घ्या. एचआरच्या ‘बघू’वर आईच्या पाटल्या गहाण पडतात. विचारायला लाज वाटते म्हणे. कसली लाज? बदली कंपनीच्या कामासाठी आहे ना?