तिकीट कापू नये

तिकिटे जमविणाऱ्या मुलास पहिला धडा बहुधा असा मिळतो : पाकिटाचा कोपरा कापावा, तो पाण्यात भिजवावा, तिकीट सोडवून वहीत चिकटवावे. उरलेले पाकीट केरात जाते. टपालाचा इतिहास मात्र त्या पाकिटावरच लिहिलेला असतो.

अटलांटिकपार टपालाचे उदाहरण घ्यावे. १८४८ च्या ब्रिटन-अमेरिका करारानुसार अर्ध्या औंसाच्या पत्रास २४ सेंट पडत : अमेरिकेतील वाहतुकीचे ५, समुद्रप्रवासाचे १६ व ब्रिटनमधील ३. अमेरिकेत पैसे भरलेले पत्र ब्रिटिश बोटीने गेले, तर त्यांतील १९ सेंट ब्रिटनच्या खाती जमा व्हावयाचे. अमेरिकन बोटीने गेले, तर केवळ ३. टपालातील कारकून हा आकडा पाकिटावरच मांडीत, भरलेल्या पैशांचा तांबड्या शाईने, येणे रकमेचा काळ्या. पुढे १८६८ साली दर १२ सेंटांवर आणि १८७० साली ६ सेंटांवर उतरला. सुट्या तिकिटावरून यातले काय कळणार?

हा विषय महाराष्ट्राला परका नाही. आनंदीबाई जोशी यांचा न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांच्याशी पत्रव्यवहार १८८० च्या सुमारास सुरू झाला आणि १८८३ साली त्या अमेरिकेस गेल्या. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यातच नोकरीस होते, हा योगायोग मोठा मौजेचा. हिंदुस्थान १ जुलै १८७६ पासून आंतरराष्ट्रीय टपाल संघात सामील झाला होता. त्यामुळे पत्रागणिक वाटणीचा जुना खटाटोप संपत आला होता आणि सामान्य कुटुंबाला सातासमुद्रापार पत्र पाठविणे शक्य झाले होते. चरित्रांत पत्रांतील मजकूर येतो. मार्ग, दिवस व खर्च सांगणाऱ्या पाकिटाला तेथे जागा नसते.

साकोली तालुक्यातील सानगडीस किल्ला आहे, आणि इतिहास म्हटला की बोट त्याच्याकडे दाखविले जाते. घरच्या पत्र्याच्या पेटीतील पाकिटांकडे कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः भंडारा जिल्हा १९५० पर्यंत मध्यप्रांत-वऱ्हाडात, १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात, नंतर मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. एकाच घराच्या पत्त्यात ही चारही राज्ये सापडू शकतात. अशा पेट्या रद्दीत जाण्यापूर्वी गावच्या शिक्षकांनी त्या एकदा तरी उघडून पाहाव्यात. पाकिटे सपाट ठेवावीत, चिकटपट्टी लावू नये, टाचणी काढावी आणि कोणाच्या घरची, कोणत्या गावाहून आलेली, एवढे वेगळ्या कागदावर लिहून शाळेच्या कपाटात ठेवावीत.